आधी भैरवी गाणारं वेळशेत

वेळशेतच्या सातेरी देवीच्या देवळात जत्रेची मैफल भैरवीने सुरू होते. सगळ्या मुलखात भैरवी शेवटी गातात. ती झाली की पुढे कुणी गात नाही. बाहेरचे गवई इथे येऊन गोंधळतात, काही हसतात. हसू द्या. हे असं का, ते आधी ऐकून घ्या.

पूर्वी म्हणे गावात कृष्णी नावाची कलावंतीण होती. जन्मभर देवीपुढे गायली, पण पायरीवर बसून. मंडपात पुरुषांनीच गायचं, असा मानकऱ्यांचा हट्ट. तिने देवीला सांगून टाकलं, "माझी पोर आत बसून गाईल, तेव्हाच मी आत पाय टाकीन."

पोर म्हणजे शेवंती. आईने गळा घडवला, पुढे मिरजेला एका बुवांच्या घरची धुणीभांडी करून ती शिकली. मग नाव असं झालं की बडोद्यापासून धारवाडपर्यंत मैफली, रेडिओवर गाणं, तबकड्या. मानकरी घरी तिच्या तबकड्या लावून माना डोलवायचे आणि मंडप मागितला की देवीचं नाव पुढे करायचे. इकडे कृष्णीचे डोळे गेले, अंगात त्राण उरलं नाही. शेवंतीला आता शाल नको होती, हार नको होता. आई आहे तोवर त्या मंडपात बसायचं होतं.

एका जत्रेला ती आईला पायरीवर बसवून तंबोरा घेऊन थेट आत शिरली. एवढ्या नावाच्या बाईला चारचौघांत हाकलायचं कसं? मानकरी म्हणाले, "दाजीबुवांचं झालं की गा."

दाजीबुवा देवळाचे गवई. त्यांनी एक राग कसाबसा उरकला आणि भरदुपारी भैरवी धरली. संपवून गालात हसले. "भैरवी झाली. तंबोरे गवसणीत घाला."

शेवंतीला डाव कळला. ती जागची हलली नाही.

"बुवा, तुमची मैफल संपली. माझी अजून सुरू व्हायचीय."

"अगो, भैरवीनंतर गातंस तरी काय?" मागून कुणी टोमणा मारला.

"भैरवी!"

आणि तिने सा लावला. मानकरी उठले ते उभेच राहिले. देवीची उजवी कळी पडली, असं सांगतात. उजवी कळी म्हणजे आमच्याकडे देवीचा होकार. मी म्हणते, कळी नसती पडली तरी बाई गायलीच असती.

पायरीवरून कृष्णी उठली. आवाजाच्या रोखाने चाचपडत निघाली. गुरवाने हात पुढे केला, तर म्हणाली, "सोड रे, वाट माका ठावक आसा." तिच्यामागून, इतकी वर्षं बाहेरूनच ऐकणाऱ्या गावच्या बायका आत आल्या आणि मानकऱ्यांच्या बैठकीवर ऐसपैस बसल्या.

आजही भैरवीचा पहिला सूर लागला की वेळशेतच्या बाया आत येतात आणि पुढची बैठक धरतात. मानकऱ्यांची जागा विचाराल तर ती मागे, चपलांपाशी.