ज्याचं सोंग, त्याचं दार

एकदा एका मालिकालेखकाने दहा मिनिटांत एक चोर लिहिला.

वाहिनीवरून फोन आला होता. उद्याच्या भागात घरफोडी हवी, पण चोराची ओळख करून देत बसायला वेळ नाही; प्रेक्षकाला बघताक्षणी कळलं पाहिजे. लेखकाने क्षणभर विचार केला आणि कागदावर एक नेपाळी वॉचमन उभा केला. नाव बहादूर, कमरेला कुकरी, तोंडात 'शाबजी', खिशात दारूची बाटली. घरचे लग्नाला गेल्यावर भरदुपारी हा बहादूर विश्वासाने दिलेल्या घराच्या किल्ल्या दरोडेखोरांच्या हाती देतो आणि वर सलाम ठोकतो. भाग गाजला. लेखकाच्या इमारतीतली पोरंटोरं एकमेकांना 'शाबजी, शाबजी' करत फिरू लागली, आणि मोठी माणसंही काही मागे राहिली नाहीत. फाटकाशी बसणारा खरा नेपाळी वॉचमन तेवढा हसला नाही. पण तिकडे बघायला सवड कोणाला होती?

दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लग्नाहून परतल्या, त्यांनी कपाट उघडलं, तर आईने दिलेल्या सोन्याच्या पाटल्या गायब. वहिनींनी हंबरडाच फोडला. घराची दुसरी किल्ली कोणाकडे होती? वॉचमनकडे. घरचे कुठे गावाला गेले की झाडांना पाणी घालायला म्हणून अकरा वर्षं ती त्याच्याकडेच असायची. झालं! अर्ध्या तासात त्या माणसाला ओढत नेऊन पंपाच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि कुलपाची किल्ली इमारतीच्या अध्यक्षांनी खिशात टाकली. वॉचमनची बायको त्याच इमारतीत तीन घरची धुणीभांडी करायची. ती त्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. रडत नव्हती. पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघत होती.

लेखक हा इमारतीचा सेक्रेटरी. पोलिसांत द्यायच्या अर्जावर त्याची सही हवी होती. अध्यक्षांनी अर्ज आणि पेन त्याच्यापुढे धरलं. 'चोरी वॉचमननेच केली अशी आमची खात्री आहे,' असं अर्जात लिहिलं होतं.

"खात्री कशावरून?" लेखकाने हळूच विचारलं.

"कशावरून म्हणजे? अहो, तुम्हीच तर दाखवलंत सगळं! लग्नाला गेलेलं कुटुंब, विश्वासाने दिलेली किल्ली. जसंच्या तसं घडलं! ही जमातच तसली."

"आधी दोन ठेवून देऊ," पहिल्या मजल्यावरचा एक धिप्पाड गृहस्थ बाह्या सारत म्हणाला. "मग बोलेल पोपटासारखा."

लेखकाने अर्ज पुन्हा वाचला. खरं बोलायचं तर चारचौघांत कबूल करावं लागणार होतं, की मी आयुष्यात कुठल्या वॉचमनशी चार शब्द बोललो नाही, मला घाई होती म्हणून लिहून टाकलं. आणि गप्प बसायचं तर पेन हातात होतंच. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेहून भीती मोठी होती. त्याने पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात जिन्यावरून आबा उतरले.

आबा म्हणजे लेखकाचे गुरू. हाडाचे बहुरूपी. चाळीस वर्षं गावोगाव सोंगं घेऊन फिरलेले. आज सावकार, उद्या फौजदार, परवा वैदू. कॉलेजात असताना लेखक प्रत्येक सुट्टीत त्यांच्या मागे हिंडला होता आणि माणूस बघायचा कसा, हे त्यांच्याकडूनच शिकला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आठ दिवसांपासून शिष्याकडे मुक्कामाला होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हाताला काम नाही. गॅलरीत खुर्ची टाकून खाली बघत बसायचे.

आबांनी अर्ज वाचला. शिष्याच्या हाताकडे पाहिलं. "सही करायची तर कर," ते म्हणाले, "पण त्याआधी मंडळींना दोन सोंगं दाखवतो. म्हाताऱ्याचा एवढा हट्ट पुरवा."

लोक चिडले. सोंगं बघायची ही वेळ आहे होय? पण वयाचा मान ठेवावा लागतो. "पाच मिनिटं," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. "पोलिसांना फोन केलाय मी. येतीलच ते."

आबांनी छाती पुढे काढली, डोळे बारीक केले आणि टाच आपटून सलाम ठोकला. "शाबजी!" मग भिंतीला टेकून घोरले, दचकून जागे झाले, पुन्हा सलाम. तसल्या प्रसंगातही लोक खो खो हसले. "बहादूर! अगदी हुबेहूब!" डोळे पुसता पुसता वहिनींनासुद्धा हसू आवरेना. शिष्याला तेवढं हसू आलं नाही. पंपाच्या खोलीच्या खिडकीला गज होते, आणि गजांमागून दोन डोळे हे सगळं बघत होते.

"आता दुसरं," आबा म्हणाले.

या वेळी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. खांदे किंचित पाडले, भार डाव्या पायावर घेतला. फाटकाजवळच्या गळक्या नळाची चिंधी सोडली, पिळली, पुन्हा बांधली. उन्हात आलेली कुंडी सावलीत सरकवली. मग कोणीतरी आल्यासारखे लगबगीने पुढे झाले, त्याच्या हातातली पिशवी घेतल्यासारखी घेतली आणि गुडघ्यावर हात टेकत जिने चढल्याचा अभिनय केला. पिशवी खाली ठेवली. तोंडावर दार लागल्यासारखे क्षणभर उभे राहिले आणि तसेच खाली उतरले. शेवटी वॉचमनच्या स्टुलावर बसून त्यांनी खिशातून चष्मा काढल्यासारखं केलं, त्याच्या काडीला बांधलेला दोरा चाचपला, डोळ्यांपुढे पेपर धरला आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचू लागले.

कोणीच हसलं नाही. लोक एकमेकांची तोंडं बघू लागले.

"पोस्टमन का?"

"छे! गॅसवाला असेल."

"तुमच्या गावाकडचं कोणी आहे का, आबा?" अध्यक्ष वैतागले. "अहो, आम्ही ओळखायचं कसं? आम्ही याला कधी पाहिलंय का?"

तेव्हा दाराला पाठ लावून उभी असलेली बाई बोलली. "आमचे आहेत ते," ती म्हणाली. "चष्म्याला दोरा मीच बांधलाय." आणि इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली ती तिथेच खाली बसून ढसाढसा रडू लागली.

आबा स्टुलावरून उठले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात धार होती. "जो तुमच्या दारात कधी आलाच नाही, त्याला तुम्ही एका सलामात ओळखलंत. जो अकरा वर्षं तुमच्या पिशव्या वाहतो, तो तुम्हाला ओळखता आला नाही. मी एका डोळ्याने आठ दिवस बघत होतो, मला तो दिसला. मग कोंडलंत कोणाला? तुमचा चोर टीव्हीच्या पेटीत आहे, आणि कुलूप घातलंत या माणसाला. पाटल्या कोणी नेल्या, मला ठाऊक नाही. पोलीस येतील, सगळ्यांना विचारतील, त्यालाही विचारू देत. पण खात्री, खात्री म्हणता, ती कुठून आली एवढं तरी बघा!"

मग ते शिष्याकडे वळले. "आणि तू रे? आपला नेम काय होता?"

शिष्य पुटपुटला, "ज्याचं सोंग, त्याचं दार आधी."

आबांच्या घराण्यात तसा नेमच होता. सावकाराचं सोंग पहिल्यांदा सावकाराच्या ओसरीवर न्यायचं, लोहाराचं लोहाराच्या भट्टीपाशी. तो हसला, 'अरे, हा तर मीच!' म्हणाला, तर मग खुशाल गावभर फिरायचं. त्याने मान खाली घातली, तर तोंडाचा रंग तिथल्या तिथे पुसून टाकायचा. फौजदाराचं सोंग फौजदारालाच दाखवून आबांनी एकदा रट्टेही खाल्ले होते, पण नेम मोडला नव्हता.

"फौजदाराची आपल्याला भीती असते, म्हणून त्याला आपण नीट बघतो," आबा म्हणाले. "ज्याची भीती नाही, त्याचं सोंग माणूस न बघताच घेतो. मी पायपीट करून पाच-पन्नास गावं हिंडलो. तू एका संध्याकाळी लाखो घरांत शिरतोस. आणि ज्याचं सोंग घेतलंस, त्याच्या दारात जायला तुला किती चालायचं होतं? दोन जिने!"

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने पेनला टोपण लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तो चोर मी लिहिला. घाईघाईत, कोणालाही न बघता. या माणसाचं मला नावसुद्धा माहीत नाही. या अर्जावर मी सही करणार नाही. पाटल्या हरवल्या एवढंच लिहा, त्यावर करतो."

धिप्पाड गृहस्थाने सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. वॉचमन बाहेर आला. आधी त्याने बायकोला उठवलं. मग तो नळापाशी गेला, आबांनी बांधलेली चिंधी सोडली आणि पुन्हा नीट, घट्ट बांधली.

तुम्ही विचाराल, पाटल्यांचं पुढे काय झालं? सापडल्या का? मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही मोकळे व्हाल, 'बघा, बिचारा निर्दोष होता' म्हणून. निर्दोष ठरल्याशिवाय त्याला माणूस म्हणायचं नाही, असं कधी ठरलं होतं?

दुसऱ्या दिवशी लेखक हातात कागद घेऊन दोन जिने उतरला आणि स्टुलासमोरच्या पायरीवर बसला.

"तुमचं नाव काय?"

"बहादूर म्हणतात सगळे."

"सगळे म्हणतात ते नको. आईवडिलांनी ठेवलेलं सांगा."

वॉचमनने पेपरची घडी केली. "खडानंद भट्ट," तो म्हणाला.

"खडानंदजी, मालिकेत एक वॉचमन पुन्हा लिहिलाय. अजून कोणाला दाखवला नाही. वाचून दाखवू?"

खडानंदांनी दोरा बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. "द्या इकडे. मला वाचता येतं."

लेखकाने कागद दिले. कुठल्याही वाहिनीच्या साहेबापुढे त्याची छाती अशी धडधडली नव्हती. खडानंद ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत होते, आणि लेखक त्यांच्या मानेकडे बघत बसला होता.