पायरीवरचे बूट

“पण बुवा, चांगला बूट म्हणायचा कशाला?”

रेवणबुवा चुलीपुढे बसून शेंगा भाजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तूच सांग की. तुझा धंदा हाय न्हवं त्यो?”

विश्राम दाभोळेचा तोच धंदा होता. नाव विश्राम, आणि पोट धावण्यावर. नवे नवे बूट घालून तो रस्ते तुडवायचा आणि कुठला बूट कसा आहे ते लिहायचा. टाचेला पकड कशी, बोटांना मोकळीक किती, तळव्याखालची गादी मऊ की नुसतीच भुसभुशीत, ओल्या डांबरावर सोल धरतो की सोडतो... त्याचं वाचून लोक बूट घेत. त्याच्या हातून एकही जोड खोट निघाल्याशिवाय सुटलेला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

आजोळ पठाराखालच्या गावात असल्यामुळे तो लहानपणापासून पठारावरच्या या मठात येई. मठापुढचा रस्ता मोकळा आणि चढउताराचा. प्रत्येक बुटाची शेवटची धाव तो नेहमी इथेच घेई.

“चांगला बूट तो, जो पायात आहे हेच विसरायला होतं,” विश्राम म्हणाला. हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं.

“मग इसरलास कदी?”

“मी कसा विसरेन? विसरलो तर लिहू काय?”

बुवा गालात हसले. एक शेंग फोडून त्यांनी दाणे विश्रामच्या हातावर ठेवले.

“या बुटाचं उद्या लिहून द्यायचंय,” विश्राम म्हणाला. “अगदी साधा बूट आहे. शर्यतीचा नाही, मिरवायचाही नाही. रोज सकाळी उठून डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या माणसाचा. त्यात खोट सापडत नाही, बुवा. आणि चांगला म्हणायला जीभ उचलत नाही.”

“झोप येत न्हाई म्हनालास. बुटापायी?”

विश्रामने हातावरचे दाणे चाळवले. चुलीतलं लाकूड फुटलं.

“घरी आनि कोन पळतंय?”

“मुलगी पळायची. शर्वरी.”

“आता?”

“आता नाही.”

बुवा दाणे चघळत राहिले. त्यांना कसलीच घाई नसे, आणि समोरच्याला बोलतं करायला तेवढं पुरत असे.

“मी तिला फक्त सांगायचो,” विश्राम म्हणाला. “टाच आधी पडतेय. खांदे वर जातायत. डावा पाय आत वळतोय. तिच्या भल्याचंच...”

“रोज?”

“...रोज.”

“मग?”

“काही बोलली नाही. एक दिवस बूट धुतले, वाळवले आणि कपाटात ठेवून दिले. अजून तिथेच आहेत.” त्याने हातातले दाणे खाल्ले नव्हते. “जूनमध्ये ती शिकायला बाहेरगावी जाईल. मग तेवढंही राहणार नाही, बुवा. एका घरात राहून आम्ही आता जेवणापुरतं बोलतो.”

बुवांनी चूल विझवली.

“नीज आता,” ते म्हणाले.

मठाची एक रीत होती. पायरीवर वहाणांचा ढीग पडलेला असे, आणि त्यातली एकही कुणाची नसे. आत येणारा काढी, बाहेर जाणारा पायाला येईल ती घाली. कुणी कोरी करकरीत वहाण घालून आला, तरी पायरीवर उतरवली की ती मठाची. गावातली माणसं या रिवाजाला इतकी सरावलेली, की बाजारात एकमेकांच्या पायांत आपली जुनी वहाण दिसली तर नुसती ओळखीचं हसत.

विश्रामला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ही रीत चपलांची, बुटांची नव्हे, असं त्याने मनाशी धरलं होतं. शहाण्या माणसाला आपल्यापुरती सूट नेहमी सापडते.

पहाटे तो बाहेर आला, तर बूट नव्हते.

समोर पठारही नव्हतं. धुकं इतकं दाट होतं की अंगण चार पावलांवर संपलं होतं. कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली, पण ती डावीकडे की उजवीकडे, हे कळेना. पायरीवरच्या ढिगात वरच चामड्याची एक झिजलेली वहाण होती आणि तिच्या शेजारी, तिच्या जोडीची नसलेली दुसरी.

तो चडफडला. मग दोन्ही पायांत घालून झऱ्याच्या वाटेला लागला, कारण बुवा रोज पहाटे तिकडेच जात.

जित्याची खोड. दहा पावलं गेला नाही तोच मनात लिहिणं सुरू झालं. डावी टाचेला ढिली. उजवीचा अंगठा कडक. तळवा सपाट, गादी शून्य...

पण तळवा सपाट नव्हता. पायाखाली खळगे होते. अंगठ्यांचे, टाचांचे, कुणाच्या तरी वाकड्या करंगळीचे. पाणी आणणाऱ्यांचे, सरपण वाहणाऱ्यांचे, नवस फेडून परत गेलेल्यांचे. एकात एक मिसळलेले. त्याचं पाऊल त्या खळग्यांत बसलं, आणि त्याला वाटलं की आपण एकटे चालत नाही आहोत.

धुक्यात रस्ता आधी राखाडी होता, मग दुधी झाला, मग दिसेनासा झाला. फक्त पायांना तो आहे एवढं कळत होतं. मनातलं लिहिणं कधी थांबलं ते त्याला समजलं नाही.

मग आवाज आला.

थप... थप... थप...

कुणीतरी धावत होतं.

आवाजावरून पाय ओळखणं हा विश्रामचा हातखंडा. त्याने कान दिला. पाऊल जड पडत होतं, पण तेवढंच नव्हतं. काहीतरी वाकडं होतं. जे बाहेर पडायला हवं ते आत पडत होतं.

धुकं थोडं विरळ झालं आणि त्यातून रेवणबुवा आले. ऐंशीच्या घरातले. कफनी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दाढीवर दवाचे थेंब, पायांत विश्रामचे निळे बूट. डावा उजव्या पायात, उजवा डाव्या पायात. आणि चेहऱ्यावर हसू.

ते त्याच्या अगदी जवळून गेले आणि धुक्यात मिसळले.

“बुवा, उलटे घातलेत!”

थप... थप...

“थांबा. पडाल.”

“संगट पळ की,” धुक्यातून आवाज आला.

विश्राम पळू लागला. एक वहाण सुटायला बघत होती, दुसरी चावत होती. मनगटावरचं घड्याळ मठातच राहिलं होतं. बुवा दिसत, मग नुसती कफनी दिसे, मग नुसता आवाज. किती वेळ ते दोघे असे पळाले, कुणास ठाऊक. पठाराला कड असते, त्या पहाटेला ती नव्हती.

झऱ्याच्या काठी बुवा दगडावर बसले. धाप लागलेली. विश्रामही बसला. पाणी खालच्या खडकांतून स्वतःशीच बोलत होतं.

राहवलं नाही म्हणून विश्रामने विचारलं, “कसा वाटला?”

“चावतोय.”

“चावणारच. उलटे घातलेत ना.”

“व्हय. लई चावतोय.”

“मग काढायचे. हसत काय होतात?”

“मजा येत हुती.” बुवांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. “चावत बी हुतं आनि मजा बी येत हुती. दोनी एका जागी लिवाय येतंय का रं तुला?”



विश्रामची नजर बुटांवर होती. उलटे घातले की बुटांची टोकं बाहेर वळतात, बदकाच्या पावलांसारखी. हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे... ते आठवत नव्हतं.

“लेक ल्हान असताना,” बुवा म्हणाले, “उलटं घालून आलीच असंल की कदी.”

विश्राम पाण्याकडे पाहत राहिला.

“आली होती.”

“केवढी हुती?”

“तीन वर्षांची असेल. मी पळायला निघालो होतो. ही दारात उभी. बूट उलटे, लेस लोंबणारे, हनुवटी वर. म्हणाली, बाबा, चला.”

“मग?”

“गेलो. कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत. ती पुढे, मी मागे. चिंचेला हात लावला आणि परत आलो.” तो हसला. “वाटेत ती चारदा पडली असेल. दर वेळी उठून माझ्याकडे बघायची. मी हसतोय का बघायची. मी हसत असायचो.”

“आनि बूट? सरळ केलास?”



“नाही,” तो म्हणाला. “मला दिसलंच नाही, बुवा. घरी आल्यावर बायकोनं दाखवलं, अहो, हिचे बूट उलटे आहेत.”

“तुला दिसलं न्हाई?”

“नाही.”

“एवढा बुटातला म्हनवतोस...”

“मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.”

हे बोलला आणि तो रडू लागला. आवाज न करता, पाठ वाकवून, थकलेला माणूस रडतो तसा. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी आपले पाय झऱ्याच्या कडेला लांबवले आणि बुटांच्या वळलेल्या टोकांकडे कौतुकाने पाहत बसले.

धुक्यात सूर्य आहे असं वाटू लागलं. नुसता एक पिवळसर डाग.

डोळे पुसून विश्राम म्हणाला, “आज लिहून द्यायचंय. या बुटाचं काय लिहू?”

“बूट चांगला हाय.”

“तुम्हाला तर चावला.”

“त्यात बुटाचा काय गुन्हा?”

विश्रामला हसू आलं. मग ते गेलं. जे विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं.

“आणि शर्वरीला काय सांगू? आता ती माझं ऐकायची नाही. तोंड उघडलं की तिला वाटतं, बाबा चूक काढणार. आणि खरंच, बुवा, तोंडातून तेच निघतं. मी चुकलो असं म्हणायला गेलो, तरी मध्येच तुझंही कसं चुकतं ते सांगून बसेन. मला माझा भरवसा नाही.”

बुवा वाकले, लेस सोडले, बूट काढले. विश्रामच्या पायांपुढे ठेवले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.

विश्रामने चटकन हात पुढे केला. सवयच ती. जोड नीट लावायला त्याने एक बूट उचलला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“पण हे आता मठाचे,” विश्राम ओशाळून म्हणाला. “पायरीवर ठेवले होते मी.”

“पायरीवरचं भाईर जानाऱ्याचं असतंय. आनि तुला जायाचं हाय.”

“घालू?”

“आता नगं. वाटंत पडशील.” बुवांनी त्या दोन विजोड वहाणा स्वतःच्या पायांत सरकवल्या आणि उठले. “तुझ्या घराच्या दारात गेलास की घाल.”

विश्रामने बूट छातीशी धरले. नकळत त्याचा हात पुन्हा ते सरळ करू पाहत होता.

बुवा धुक्यात चार पावलं गेले. मग थांबले. पाठमोरेच म्हणाले,

“सरळ करू नगंस. असंच घाल, आनि हुबा ऱ्हा... दार तिला उघडू दे.”