वाघोशीच्या हॉकीचा पाठमोरा दोष

"हरले! पुन्हा हरले! आणि तेही त्या बोरखेडकरांकडून!" वाघोशीच्या रणधीर महाराजांनी फेटा काढून गादीवर आपटला.

दर वर्षी हेच व्हायचं. मध्यंतरापर्यंत वाघोशीचा हॉकी संघ असा खेळायचा की बघत राहावं. मध्यंतरानंतर दोन्ही संघांनी गोल बदलले, की त्याच पोरांचं काय व्हायचं कुणास ठाऊक! मागे मागे सरकायचे, अडखळायचे, एकमेकांवर आपटायचे, आणि बोरखेडकर गोलामागून गोल चढवायचे.

उपाय काय कमी झाले होते? दिवाण त्र्यंबकरावांनी खेळाडूंना बदाम चारले. लांबून प्रशिक्षक आणला. ज्योतिषाच्या सांगण्यावरून सदऱ्यांचा रंग बदलला. शेवटी स्वतःच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने पोटभर फराळ केला आणि सगळा दोष गोलरक्षकावर ढकलून दिला.

गोलरक्षक होता शिदू कुंभार. त्याला उद्या संस्थानाबाहेर हाकलायचं, असा हुकूम सुटला.

तो ऐकून शिदूची बहीण गजरा तडक दरबारात आली. ही गजरा वाघोशीचा एकही सामना चुकवायची नाही. बांधावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची.

"सरकार, गोल वाचवायला माझा भाऊ एकटा. बाकीचे दहा जण काय करतात, ते कुणी बघितलं का?"

"तुला गं हॉकीतलं काय कळतं?" दिवाणजी खेकसले.

"तुमच्यापेक्षा जास्त कळतं, दिवाणजी! मी सामनाभर डोळे उघडे ठेवते. तुम्ही मध्यंतरानंतर घोरता!"

दरबारात खोकल्याची साथ पसरली.

महाराजांनी हात वर केला. "ठीक! मग हरण्याचं कारण तूच सांग. पण नीट ऐक. खेळाडू आम्ही निवडलेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. मैदान आमच्या आजोबांनी बांधलंय, त्यालाही नाही. आणि आमच्याकडे तर बोट दाखवायचंच नाही! चुकलीस, तर भावाबरोबर तूही संस्थानाबाहेर!"

सगळे मानकरी आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. कारण अख्ख्या वाघोशीला ठाऊक होतं. सांगायची छाती कुणाची नव्हती.

"मी कारण सांगतच नाही," गजरा म्हणाली. "ते सरकारच सांगतील. फक्त मैदानावर चला, हातात स्टिक घ्या आणि शिदूवर एक गोल मारून दाखवा. आणि तेवढा वेळ तुमच्या खुर्चीवर आईसाहेबांना बसू द्या."

"एवढंच?" महाराज हसले. तरुणपणी त्यांनी हॉकी गाजवली होती.

महाराजांची चांदीची खुर्ची उत्तरेकडच्या गोलामागे चौथऱ्यावर असायची. आईसाहेब पानाचा डबा घेऊन तिच्यावर बसल्या. शिदू दक्षिणेच्या गोलात उभा राहिला. महाराजांनी मधोमध चेंडू घेतला, शिदूकडे वळले आणि धावायला पाऊल उचललं.

"राजे!" मागून आवाज आला. "आम्हाला पाठ दाखवता?"

महाराज जागीच थिजले. वाघोशीची रीतच होती तशी. प्रजेने महाराजांना पाठ दाखवायची नाही, आणि महाराजांनी आईसाहेबांना!

महाराज वळले. आईसाहेबांना मुजरा केला आणि स्टिकने चेंडू ओढत उलट्या पावलांनी शिदूच्या गोलाकडे निघाले. चार पावलं गेले, पाय चेंडूवर पडला, आणि महाराज धपकन मातीत बसले! शिदू पुढे आला. चेंडू अदबीने स्टिकवर घेतला आणि आईसाहेबांकडे तोंड ठेवून, न अडखळता, उलटा चालत आपल्या जागी गेला. त्याला सवय होती.

महाराज मातीतून उठलेच नाहीत. "गजरा... आमची पोरं अशी खेळतात?"

"मध्यंतरानंतर, सरकार. त्याआधी खुर्ची समोर असते."

जन्मापासून महाराजांनी वाघोशीतल्या कुणाची पाठ पाहिलीच नव्हती. त्यांना वाटायचं, पोरं बोरखेडकरांना भिऊन अशी अडखळतात!

"सरकार, ही पोरगी रीत मोडायला निघालीय!" दिवाणजी ओरडले.

"रीत मोडणार नाही!" महाराज धूळ झटकत उभे राहिले. "पण दोष खेळाडूंचा नाही, मैदानाचा नाही, आमचा नाही. मग आहे तरी कुणाचा?"

"खुर्चीचा!" गजरा म्हणाली. "ती एका जागी चिकटून बसलीय. तिला बोरखेडकरांच्या गोलामागे मांडा. मध्यंतराला गोल बदलले, की तिलाही पलीकडे हलवा. मग आपली पोरं धावत सुटतील ती सरकारांच्या दर्शनालाच! रीतही राहील आणि गोलही होतील!"

"आणि बोरखेडकर चालून आले तर?" दिवाणजी हटेनात. "तेव्हा पोरं उलटीच पळणार ना?"

"चेंडूवर नजर ठेवूनच मागे यायचं असतं, दिवाणजी! आणि त्यात आपल्या पोरांचा हात धरणारा अख्ख्या मुलखात कुणी नाही!"

महाराज खदखदून हसले. आईसाहेबांना तर हसताना सुपारीच लागली.

"शिदू कुठेही जाणार नाही!" महाराजांनी आपल्या गळ्यातला कंठा काढून गजराला दिला. "आणखी काय हवं ते माग!"

"सामन्याच्या दिवशी खुर्ची कुठे मांडायची, ते मी सांगणार."

"दिलं! पण ती जड खुर्ची उचलणार कोण?"

"चौकशी समिती, सरकार. फराळ झालाय त्यांचा!"

पुढच्या सामन्यात वाघोशीने बोरखेडकरांना धूळ चारली. मध्यंतराला दिवाणजी आणि सगळी समिती चांदीची खुर्ची उचलून, घामाघूम होत मैदान ओलांडत होती. मागून महाराज डुलत डुलत चालले होते. एवढ्यात बांधावरून गजरा ओरडली,

"दिवाणजी, पाठ दाखवू नका! सरकार मागे आहेत!"

समिती खुर्चीसकट गर्रकन वळली आणि उलटी चालू लागली. महाराज इतके हसले, की त्यांना मैदानातच बसावं लागलं.