वाइन थुंकणारा म्हातारा

फार फार वर्षांपूर्वी इटली देशात जवळजवळ टेकडीगणिक एक राजा होता. त्यांतल्या एका राजाकडे टेकडी एवढीच काय ती मालमत्ता होती. पण तिच्या उतारावर शेकडो वर्षांचा जुना द्राक्षमळा होता, आणि त्या द्राक्षांची तांबडी वाइन अशी की ती प्यायलेला माणूस आपल्या सासऱ्याबद्दलही बरे बोलत असे.

शेजारी एक बलाढ्य सम्राट होता. त्याने ती टेकडी केव्हाच घशात घातली असती. पण त्याच्या पणजोबांनी पेला हातात असताना एक करार करून ठेवला होता. दर वसंतात सम्राटाने यावे आणि एक पेला प्यावा. वाइन नेहमीसारखी असेल, तोवर टेकडी राजाची. ज्या वर्षी बिघडेल, त्या वर्षी सम्राटाची.

राजाच्या सैन्यात बारा माणसे होती, आणि त्यांतली नऊ हंगामात द्राक्षे तोडायला जात. तेव्हा राज्य सैन्यावर चालत नव्हते. ते एका म्हाताऱ्याच्या जिभेवर चालले होते.

हिवाळ्यात तळघरात वाइनची चाळीस पिंपे भरून तयार असत. ती सगळी एका मोठ्या लाकडी हौदात एकत्र करायची असत. पण त्याआधी म्हातारा प्रत्येक पिंपातला एक घोट तोंडात घेई, गालांत खळखळवी आणि थुंकून टाकी. दोन-तीन पिंपे हमखास आंबलेली निघत. त्यांच्यावर तो खडूने फुली मारी, आणि ती पिंपे बाहेर नेऊन उतारावर ओतून देत.

जुना राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. पहिल्याच हिवाळ्यात तो प्रधानाला घेऊन तळघर बघायला आला. म्हातारा तिसऱ्या पिंपापाशी होता. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि पच्‌कन थुंकला.

राजा सुन्न झाला. प्रधानही सुन्न झाला, कारण राजा सुन्न झाल्यावर सुन्न होणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

“माझ्या बापजाद्यांच्या वाइनवर थुंकतोस?” राजा ओरडला.

“वाइनवर नाही, महाराज. पिकदाणीत.”

“थेरडा वर तोंड करून बोलतोय!” प्रधान म्हणाला.

म्हातारा शांतपणे म्हणाला, “महाराज, गिळलं की जिभेला पुढचं कळेनासं होतं. चौथ्या पिंपाला वाइन बरी लागते, दहाव्याला सगळं जगच बरं लागतं. तुमच्या वडिलांसमोरसुद्धा मी थुंकतच होतो.”

“म्हणूनच ते खंगून गेले असतील,” प्रधान हळूच म्हणाला, पण राजाला ऐकू जाईल इतपतच हळू.

त्याच दिवशी म्हाताऱ्याला तळघराची बंदी झाली. हुकूम निघाला: राजाची वाइन जो चाखेल, तो गिळेल. चाखण्याचे काम प्रधानाच्या मेहुण्याला मिळाले. त्याची जीभ कशी होती हे कोणी विचारले नाही. गळा उत्तम होता.

मेहुण्याने पहिला घोट गिळला आणि म्हणाला, “अप्रतिम!” सातव्या पिंपाला त्याने मिठी मारली. बाराव्याला तो “ताई” म्हणाला आणि रडला. विसाव्यानंतर तो चाखत होता की नुसता पीत होता, हे सांगणे अवघड होते. चाळिसाव्यापाशी त्याला उचलून नेले. एकाही पिंपावर फुली पडली नव्हती. राज्याच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते, म्हणून राजाने गावभर दिवे लावायला सांगितले. दिवे लावले हे खरेच.

दुसऱ्या सकाळी म्हातारा धापा टाकत तळघराच्या दारापाशी आला. प्रधान तिथेच उभा होता.

“प्रधानजी, हौदात ओतू नका! आत कुठलं तरी पिंप आंबलंय. इथवर वास येतोय.”

“आम्हाला नाही येत.”

“तुम्ही कशाला घ्याल वास? अहो, दुधात चमचाभर विरजण पडलं तर दूध राहतं का? एक पिंप सगळा हौद घालवील. टेकडी जाईल हो आपली!”

प्रधानाने एकदा नाक वर केले, आणि त्याचा चेहरा पडला. वास त्यालाही आला होता.

“आजोबा,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “महाराजांना काय सांगू? की दिवे लावून झाले, आता वाइन आंबली? तुम्ही सांगाल?”

“सांगतो की! चला.”

“तुम्हाला वाड्यावरही बंदी आहे,” प्रधान म्हणाला, आणि त्याने चाळीसही पिंपे हौदात ओतवली.

वसंत आला. सम्राटही आला. रिवाजाप्रमाणे आधी दरबाऱ्यांनी पेले रिकामे केले. सगळे एकदम म्हणाले, “वा!” सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे असल्याचे त्यांनी सांगितले.

मग राजाने घोट घेतला आणि तो जागच्या जागी थिजला. तोंडात वाइन नव्हती, शिरका होता. जबडा आवळला गेला, कानशिले तापली. थुंकावे, तर हुकूम त्याचाच. त्याने गिळले.

सम्राटाने पेला ओठांना लावला आणि खाली ठेवला. त्याला खरेच धक्का बसला होता. लहानपणापासून तो दर वसंतात या टेकडीवर येत होता.

“काकडीच्या कोशिंबिरीला बरी आहे,” तो म्हणाला. “करार वाचा.”

संध्याकाळपर्यंत टेकडी गेली. वेलींवर कोवळी पाने फुटत होती आणि राजा चालत उतार उतरत होता. बरोबर कोणी नव्हते. प्रधान आणि मेहुणा दुपारीच सम्राटाच्या छावणीत वाइनची तारीफ करायला गेले होते. सम्राट घरून आणलेली पीत होता.

पायथ्याशी म्हातारा दारात बसला होता. राजा त्याच्यासमोर उभा राहिला.

“आजोबा, माझी वाइन बिघडू शकते, हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?”

“सांगत होतो, महाराज,” म्हातारा म्हणाला. “तुमच्या डोळ्यांदेखत सांगत होतो. तुम्हाला ते थुंकणं वाटलं.”

तात्पर्य: ज्याला थुंकणारा खपत नाही, त्याच्याजवळ थुंकी झेलणारेच उरतात.