भानुदासाची काचेची पाटी

विणकरांच्या एका गावात भानुदास नावाचा एक नक्षीकार राहत असे. पदरावरचे मोर, काठावरचे पोपट, कमळांच्या वेली, सारे तो आधी चौकटीच्या कागदावर काढी. मग परगावी नोकरीला असलेल्या त्याच्या धाकट्या भावाची बायको शेवंता ते मागावर विणी. त्याने काढावे आणि तिने विणावे, अशी त्या घराची रीतच पडली होती.

पुढे वय झाले आणि बारीक चौकटी पाहून त्याचे डोळे दुखू लागले. तेव्हा मुलीने शहरातून एक नवा संगणक आणून दिला. कळफलकाला जोडला की तो लॅपटॉप होई. कळफलक काढला की हातात नुसती काचेची पाटी उरे. बोटाने चालवावी, लेखणीने तिच्यावर काढावे.

भानुदासाने तो घेतला, पण मनात किंतु ठेवूनच. "दोन घरचा पाहुणा उपाशी," तो बायकोला म्हणाला. "हा ना धड लॅपटॉप, ना धड पाटी."

तरी संगणक घरात रुळला. सकाळी कळफलक लावून तो व्यापाऱ्यांना पत्रे लिही, दुपारी पाटी मांडीवर घेऊन नक्षी काढी, संध्याकाळी तीच उशीला टेकवून बातम्या पाही. सोय मोठी होती, पण मन काही निवळेना. पाटी जरा कलली की चित्र आपोआप आडवे होई. न बोलावता अक्षरांच्या कळा पडद्यावर वर येत. असे झाले की तो हात आखडता घेई आणि मागे वळून पाही.

अशात एका लग्नाच्या साडीचे काम आले. पदरभर कमळांची वेल हवी होती. भानुदास रोज थोडी वेल काढी आणि पाटी मागाशेजारी उभी करून ठेवी. शेवंता पाहून पाहून विणी.

एके दिवशी ती म्हणाली, "दादा, इथे वेलीतून एक रेघ आडवी गेलीय. असंच हवंय का?"

भानुदासाने पाहिले. कमळाच्या देठातून एक वाकडी रेघ खरेच गेली होती. ती आपण काढलेली नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग काढली कोणी? त्याने पाटी उजेडात धरली. काचेवर बोटाचा ठसा होता.

"पाटीला हात लावलास?"

"पाकळी नीट दिसेना, म्हणून मोठी करून पाहिली."

उत्तर सरळ होते, पण भानुदासाच्या मनात ते वाकडे शिरले. शेवंताच्या भावाचेही गावात माग होते. आपली नक्षी बिघडली तर फायदा कोणाचा, हा हिशेब त्याने मनातल्या मनात मांडला. आणि चूक हिनेच का दाखवली? चोर आधी ओरडतो म्हणतात, ते हेच असेल.

त्याने संगणकाला नवा पासवर्ड घातला. पाटी कपाटात जाऊ लागली. शेवंताला तो नक्षीचा एकेक तुकडा कागदावर छापून देऊ लागला. ती विणायला बसली की काही ना काही निमित्त काढून तो मागे येऊन उभा राही. तरी रेघा उमटतच राहिल्या. कधी पानावर, कधी पाकळीवर. शेवंता आता काही विचारीना, छापून आले तसे विणी.

बायको म्हणाली, "यंत्रावर तुमचा भरवसा नव्हताच. त्याचा राग तिच्यावर का?"

भानुदासाने ऐकले नाही. त्या दिवशी तो शेवंताला तोंडावर म्हणाला, "पासवर्ड तुला कोणी सांगितला? भावासाठीच करतेस ना हे?"

 शेवंताने विणलेल्या भागावर कापड पांघरले आणि ती भावाकडे निघून गेली.

आता पाटीला हात लावणारा दुसरा कोणीच उरला नाही. भानुदासाने खोलीची कडी लावली आणि बिघडलेली वेल नव्याने काढायला घेतली. एक कमळ झाले. शेजारचे झाले. मग तो पाहतो, तर पहिल्या कमळावर रेघ!

खोलीत चिटपाखरू नव्हते.  नीट पाहायला म्हणून तो पाटीवर झुकला आणि झुकताना त्याचा तळहात काचेवर टेकला. हाताच्या कडेखालून एक रेघ निघाली. त्याने हात सरकवला. रेघही सरकली.

जन्मभर त्याने हात कागदावर टेकवूनच नक्षी काढली होती. कागदाने कधी तक्रार केली नव्हती, कारण त्यावर फक्त लेखणीचे उमटे. ही काच टेकलेल्या हाताचेही मनावर घेई. भानुदास बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत बसला.

मग तो उठून शेवंताच्या भावाच्या दारी गेला. ती अंगणात सूत उकलत होती.

"शेवंता, रेघा माझ्याच हातच्या होत्या," तो म्हणाला. "माझं चुकलं. घरी चल."

"साडी पुरी करते," ती म्हणाली. "नवरीचा काय दोष? पण त्यापुढची नक्षी दुसऱ्या कोणाला द्या, दादा. पाठीमागे कोणी राखण करत उभं असलं की माझा हात चालत नाही."

तिने बिघडलेला भाग उकलला, पुन्हा विणला आणि साडी मागावरून अशी उतरवली की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. मग ती पुन्हा भावाकडे गेली.

भानुदास अजूनही त्याच काचेवर नक्षी काढतो. हात अधांतरी धरायला तो शिकला आहे आणि त्याच्या वेली आता स्वच्छ असतात. त्या परगावचे विणकर विणतात. दिले तसे विणतात, कोणी काही विचारत नाही. घरातला माग मात्र रिकामा आहे.

तात्पर्य: चूक दिसली की दुसऱ्याची बोटे तपासण्याआधी आपला हात तपासावा, कारण काचेवरची रेघ पुसता येते, माणसावर घेतलेला संशय पुसता येत नाही.