तिसऱ्या दिवसाची चिंदी

“मग माझं चुकलं कुठं, उस्ताद?”

शस्त्रागाराच्या दारात निरीक्षक केंजळे ताठ उभे होते. आत कादर उस्ताद सतरंजीवर बसून एका रायफलीच्या नळीतून दोरी ओढत होते. दोरीच्या टोकाला कापडाची चिंदी. याच हातांनी त्यांनी वीस वर्षांपूर्वी केंजळ्यांना नेम धरायला शिकवलं होतं.

“परेड सुटलीय, साहेब. बसून विचार.”

केंजळे बसले नाहीत.

“माझ्या तुकडीतला सगळ्यात तयारीचा जवान होता रत्नाकर. धावण्यात पहिला, नेमबाजीत पहिला. सोमवारी चकमक झाली. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. फिट! बुधवारी मीच त्याला पहाऱ्यावर उभं केलं. आणि शुक्रवारी त्यानं... स्वतःवरच...”

काल चितेसमोर बंदुकांची सलामी झाली, तेव्हा प्रत्येक बाराला त्याची आई दचकत होती. तेवढंच डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

“चकमकीनंतर त्याची रायफल साफ झाली होती?”

“म्हणजे काय! तीन दिवस, रोज. तुमचाच धडा आहे.”

“तीन दिवस कशाला? एकदाच रगडून पुसली तर?”

असला प्रश्न भरतीच्या पोरांना विचारतात. केंजळे वैतागले; पण पाठ असलेलं आपोआप तोंडातून निघालं.

“पहिल्या दिवशी चिंदी काळी येते. दुसऱ्या दिवशी पांढरी आली तरी फसायचं नाही. गोळी झाडलेली नळी आतून पाझरत राहते. तशीच ठेवली, तर वरून चकाचक दिसते आणि आतून...”

ते थांबले.

उस्तादांनी दोरी गुंडाळून ठेवली.

“सोमवारी गोळ्या किती जणांनी झाडल्या?”

“दोघांनी.”

“दुसरा कोण?”

“उस्ताद, मी ठणठणीत आहे. आज सकाळीसुद्धा दहा किलोमीटर धावलोय.”

“झोपलास कधी?”

उस्तादांनी हात पुढं केला. तळवा वर.

म्हाताऱ्याला उठायला आधार हवा असेल, म्हणून केंजळ्यांनी आपला हात दिला. उस्तादांनी तो बाजूला सारला आणि त्यांच्या कमरेकडं बोट दाखवलं.

पिस्तुलाकडं.

केंजळ्यांच्या हातून होल्स्टरचं बटण तिसऱ्या खेपेला सुटलं. त्यांनी गोळ्या काढल्या, मोकळं पिस्तूल त्या तळव्यावर ठेवलं आणि सतरंजीवर मटकन खाली बसले.

उस्तादांनी डब्यातून एक कोरी चिंदी काढून त्यांच्या हातात दिली.

“आज पहिला दिवस. उद्या परत ये.”