कणीची होडी आणि खालची टिक

बसा रे पोरांनो. शेवट ओळखून दाखवा! ओळखलात तर माझी टोपी तुमची. नाही ओळखलात, तर तुमचा लाडू माझा. लागली पैज?

कॉम्प्युटरच्या पोटात राहायची एक मुंगी. तिचं नाव कणी. एवढुश्शी!

कणीनं एक खेळ बांधला. खेळात पाणी. पाण्यात लाल होडी. कणीला होडीत बसायचं होतं. बस्स, एवढंच.

तिनं बेडकाला बोलावलं. बेडकानं वल्हं मारलं. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. होडी निघाली.

कणी चढणार, एवढ्यात... ठप्प! होडी थांबली.

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बेडूकदादा, बेडूकदादा, वल्हं मार.
वल्हं नाही, म्हणून होडी नाही.
होडी नाही, तर मी बसू कशात?"

"मी नाही मारत जा. खार लाट काढेना."

"कोण खार? मी कुठं बोलावली?"

"मी बोलावली. मला लागते."

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"खारूताई, खारूताई, लाट काढ.
लाट नाही, म्हणून वल्हं नाही.
वल्हं नाही, म्हणून होडी नाही.
होडी नाही, तर मी बसू कशात?"

"मी नाही काढत जा. कासव आकडा देईना."

"आता हे कासव कुणाचं?"

"माझं. मला लागतं."

कणी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कासवकाका, कासवकाका, आकडा द्या.
आकडा नाही, म्हणून लाट नाही.
लाट नाही, म्हणून वल्हं नाही.
वल्हं नाही, म्हणून होडी नाही.
होडी नाही, तर मी बसू कशात?"

"मी नाही देत जा. टिक झाली की मी मोजतो. टिकच होईना."

"टिक कोण करतं?"

"असतं कुणीतरी खाली. नाव कोण विचारतंय!"

कणी खाली गेली. खाली, खाली, अगदी खाली. अंधारच अंधार. तिथं एक गोगलगाय. घर पाठीवर घेऊन निघालेली.

"गोगलगायबाई, गोगलगायबाई, टिक करा.
टिक नाही, म्हणून आकडा नाही.
आकडा नाही, म्हणून लाट नाही.
लाट नाही, म्हणून वल्हं नाही.
वल्हं नाही, म्हणून होडी नाही.
होडी नाही, तर मी बसू कशात?"

"होडी?" गोगलगाय म्हणाली. "वर होडी आहे होय! मला कुणी सांगितलंच नाही गं. नुसती टिक टिक करत बसले. दमलीस का, असंसुद्धा कुणी विचारलं नाही. जाते मी."

सर्र सर्र, सर्र सर्र. गेली.

कणी एकटीच उरली. हळूच म्हणाली, "टिक."

टिक झाली, म्हणून आकडा आला.
आकडा आला, म्हणून लाट आली.
लाट आली, म्हणून वल्हं चाललं.
वल्हं चाललं, म्हणून होडी चालली!

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. बेडूक होडीत बसला. खार बसली. कासवसुद्धा बसलं.

"थांबा, थांबा! मी पण येते!" कणी ओरडली. ओरडताना टिक राहिली. ठप्प! होडी थांबली.

वरून सगळे खेकसले, "ए खालचे! टिक कर!"

"अहो, मी कणी! होडी माझी आहे!"

"असेल, असेल. तू हलू नकोस!"

काय रे, कणी होडीत बसली, असंच म्हणणार होतात ना? काढा लाडू.

होडी अजून चालते. नाव कणीचंच आहे तिच्यावर. वर डुबुक डुबुक. आणि खाली कणी.

टिक. टिक. टिक.